संगणक कसा बंद पडतो, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला परभणीपासून उदगीरपर्यंतची पत्रं एकाच दुखण्याची आहेत. सुटे भाग मागवले, घरी बसून नवा डेस्कटॉप जोडला, विंडोज टाकलं, आणि आता तो ‘मधेच बंद पडतो’. कसा बंद पडतो, हे मात्र बहुतेकांनी लिहिलेलंच नाही, आणि निदानाचं अर्धं काम तिथेच असतं. निळा पडदा येऊन रिस्टार्ट होत असेल तर संशय रॅम, प्रोसेसर किंवा ड्रायव्हरवर (एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामवर). काहीच न दाखवता झटक्यात रिस्टार्ट होत असेल तर आधी वीज पाहायची, मग प्रोसेसर. पंख्यांसकट सगळं थंड पडलं आणि एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा खटका बंद-चालू केल्याशिवाय मशीन उठत नसेल, तर एसएमपीएसमधलं संरक्षण पडलेलं आहे. चित्र गोठलं, माऊस हलेना, पण पंखे फिरताहेत, ही चौथी तऱ्हा; तिची कारणं सगळ्यात पसरट.

आणि एक अट सगळ्यांनाच: एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, बायोस (मदरबोर्डमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) आणि ड्रायव्हर एकाच दुपारी बदलले तर मशीन बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि आठवड्याने पुन्हा बिघडलं की पाटी कोरी.

प्रश्न : लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. रायझन ७ ७७००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ ६००० रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, असं मशीन जोडलं. ते नीट चाललं. मग तोच मॉडेल नंबर पाहून आणखी दोन स्टिक घेतल्या. तेव्हापासून रोज निळा पडदा, आणि दर वेळी त्यावरचं नाव वेगळं. रेंडर केलेल्या फाइलीत मधेच हिरवे चौकोन येतात. विंडोज दोनदा टाकून झालं. नव्या स्टिक खराब निघाल्या का?
— वाचक, परभणी

उत्तर : बहुधा एकही स्टिक खराब नाही. त्या चार आहेत, हेच दुखणं आहे.

खोक्यावरचा ६००० हा वेगाचा आकडा रॅम बनवणाऱ्याचा, प्रोसेसर बनवणाऱ्याचा नव्हे. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीची स्वतःची हमी दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना फक्त ३६०० एवढीच आहे. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे हमीपेक्षा जास्त वेगाने चालवणं. बायोसमधलं एक्सपो, म्हणजे खोक्यावरचा वेग लावणारं सेटिंग, चालू करणं म्हणजे तेच. दोन स्टिकवर ६००० बहुतेक प्रोसेसर सहज पेलतात, चारवर क्वचितच. शिवाय मॉडेल नंबर सारखा असला तरी आतल्या चिप वेगळ्या बॅचच्या, कधी वेगळ्या कारखान्याच्याही असू शकतात. एका खोक्यातल्या दोन स्टिक एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. दोन खोक्यांतल्या चार नसतात.

निळ्या पडद्याचं नाव दर वेळी बदलतं, हीच रॅमची खूण. चुकलेला एक बिट कधी ड्रायव्हरच्या वाट्याला येतो, कधी फाइलीच्या, कधी चित्राच्या. एकच नाव पुन्हा पुन्हा आलं असतं तर एखाद्या ड्रायव्हरमागे लागता आलं असतं. काही जण म्हणतात, डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुकांची दुरुस्ती) आपोआप असते, मग चूक कशी होईल? ती दुरुस्ती चिपच्या पोटातल्या चुकांची. चिप ते प्रोसेसर या वाटेवर जे बिघडतं त्याला ती पुरत नाही, आणि वेग वाढवल्यावर बिघडतं ते नेमकं या वाटेवर.

पहिलं काम फुकटचं आहे. बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग परत आणा, म्हणजे एक्सपो बंद होईल, आणि दोन दिवस नेहमीचं काम करा. पडदे थांबले तर कारण सापडलं. थांबले नाहीत तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. ६४ जीबीला रात्र पुरणार नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळही जाईल. निकालात ‘थोड्या चुका’ असा प्रकार नसतो: एक चूक म्हणजे नापास.

नापास झाल्यास एकेक स्टिक वेगळी तपासा. ती प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या खोबणीत लावा. बोर्डावर तिचं नाव ए२ असतं. जोडीसाठी ए२ आणि बी२, म्हणजे दुसरी आणि चौथी. पहिली-दुसरी अशी शेजारी-शेजारी लावलेली जोडी ही घरी जोडलेल्या मशीनमधली नेहमीची चूक. एकच स्टिक दोन्ही खोबणींत नापास झाली तर ती बदलून घ्या. सगळ्याच स्टिक एकाच खोबणीत नापास होत असतील तर स्टिकना बोल लावू नका. प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा प्रोसेसरवरचा, एका बाजूने जास्त आवळलेला कूलर तपासा. कूलरचे स्क्रू तिरप्या क्रमाने, प्रत्येकाला दोन-दोन वेढे देत आवळायचे असतात. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर प्रोसेसर सॉकेटवर कलता बसतो आणि रॅमचा एखादा मार्गच गायब होऊ शकतो. स्टिकचे संपर्क पुसायला खोडरबर नको, त्याचा चुरा खोबणीत जातो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरे.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना या बोर्डांवर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. बोर्ड रॅमची घडी बसवत असतो. घाबरून बटण दाबू नका, दाबलंत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ हे सेटिंग दर वेळची ही वाट पाहणी वाचवतं, पण दोष शोधेपर्यंत ते बंद ठेवा.

आता तुमच्यासाठी सल्ला. ३२ जीबीत भागत असेल तर जुनी जोडी ठेवा, एक्सपो चालू करा, नवी जोडी परत करा किंवा विका. ६४ हवीच असेल तर ३२च्या दोन स्टिकचं एक खोकं घ्या. तेवढा खर्च आत्ता नको असेल तर चारही स्टिक ३६०० वर चालवा. एडिटिंगला वेगापेक्षा जागा जास्त उपयोगी पडते, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. एक काम मात्र टाळू नका: बिघडलेल्या काळात कॉपी केलेल्या, झिप केलेल्या, रेंडर केलेल्या सगळ्या फाइली संशयित समजा आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुन्हा घ्या. त्या काळात टाकलेलं विंडोजही त्यातच आलं. रॅम चुकत असताना टाकलेलं विंडोज जन्मतःच अधू असू शकतं.

प्रश्न : रायझन ५ ५६००, जुनं घेतलेलं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस, ६०० व्हीएचा यूपीएस. गेम सुरू झाला की दहा-पंधरा मिनिटांत मशीन एकदम काळं. संध्याकाळी हे जास्त होतं. लाइट गेली तर यूपीएस असून उपयोग नाही, तोही ओरडून बंद. दुकानदार म्हणतो कार्ड खराब आहे.
— वाचक, जालना

उत्तर : कार्डाला फाशी देण्याआधी बेरीज करा. ३०८० कार्ड ३२० वॅट घेतं, ५६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ६० धरा. साधारण ४५५ वॅट झाले. एसएमपीएसमधली उष्णतेची गळती धरली की भिंतीतून ५०० च्या वर खेचले जातात, मॉनिटर वेगळाच. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद बहुधा ३६० वॅट असते; ती त्याच्या मागच्या पट्टीवर लिहिलेली सापडेल. म्हणजे गेम चालू असताना लाइट गेली की तो ओरडणारच. हे दुखणं एक, आणि त्याचा कार्डाशी संबंध नाही.

दुसरं दुखणं झटक्यांचं. ३०८० सरासरीला ३२० वॅट घेत असलं तरी क्षणभर, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं, त्याच्या कितीतरी वर उसळतं. एनव्हिडियाने या कार्डासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस सांगितला आहे तो त्यासाठीच. ६५० चा चांगला एसएमपीएस ते निभावूनही नेतो, पण हलका असेल तर त्याचं संरक्षण पडतं. पडल्यावर मागचा खटका बंद-चालू करावा लागतो का, ते पाहून ठेवा. लागत असेल तर निदान जवळजवळ पक्कं.

पैसे न घालता तपासायचं असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. कार्ड २२५ वॅटच्या आसपास थांबेल. याच गेममध्ये मशीन दोन तास टिकलं तर दोष एसएमपीएसकडे किंवा केबलकडे. केबलही पाहा: एकाच केबलला दोन तोंडं असतील आणि ती दोन्ही कार्डात खोचली असतील तर काढा. एसएमपीएसपासून कार्डापर्यंत प्रत्येक ८ पिनच्या तोंडाला स्वतंत्र केबल द्या. दुसऱ्या एसएमपीएसच्या खोक्यातली केबल तोंड जुळतं म्हणून वापरू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची तारांची मांडणी कंपनीगणिक बदलते, आणि चूक झाली तर १२ व्होल्ट भलत्याच जागी जाऊन बोर्ड किंवा डिस्क जळते.

आता संध्याकाळ. एसएमपीएसवरच्या पट्टीत ‘इनपुट’ वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर तो १७० व्होल्टवरही काम चालवतो. २००–२४० लिहिलं असेल तर गावभर दिवे लागल्यावर किंवा रब्बीत पंप सुरू असताना तो अडखळणार. मल्टीमीटर एसीवर ठेवून, गेम चालू असताना, भिंतीच्या सॉकेटमध्ये मोजा. २३० च्या आसपास दहा टक्के इकडे-तिकडे, म्हणजे २०७ ते २५३, इतपत ठीक. व्होल्टेज पडलं की करंट वाढतो: ५०० वॅटसाठी २३० व्होल्टला सव्वादोन अँपिअरच्या आतच, १८० ला पावणेतीनच्या वर. सैल एक्स्टेन्शन बोर्ड त्यानेच तापतो. आकडा कधी १६०, कधी २६० असा हेलकावत असेल तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे. अशा वेळी संगणकच नव्हे, फ्रिजही बंद करा आणि वायरमनला बोलवा.

एसएमपीएसच्या आतला आकडा पाहायचा तर हार्ड डिस्कच्या जुन्या चार तारांच्या तोंडावर पिवळी आणि काळी तार मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात, लाल-काळीवर ४.७५ ते ५.२५. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका, तो बरेचदा चुकीचा असतो. मीटरवर सगळं बरोबर आलं म्हणून एसएमपीएस निर्दोष असंही नाही, कारण क्षणभराची घसरण साध्या मीटरला पकडता येत नाही.

यूपीएसऐवजी घरचा इन्व्हर्टर वापरणाऱ्यांसाठी: बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, साधी आणि यूपीएस अशा दोन जागांचा. संगणकासाठी तो यूपीएसवर हवा. लाइट गेल्यावर एसएमपीएस आपल्या कपॅसिटरवर १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, आणि इन्व्हर्टरने साध्या जागेवर बदल करायला त्याहून जास्त वेळ घेतला की मशीन रिस्टार्ट. शेवटचं, आणि खरं तर सगळ्यात आधी करायचं: यूपीएस, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर सगळं वगळून मशीन दिवसभर थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून पाहा. निम्म्या केसेस तिथेच उलगडतात.

प्रश्न : नव्या कॅबिनेटच्या लोखंडाला हात लागला की मुंग्या येतात. हेडफोनमध्ये घूं आवाज येतो आणि माऊस-कीबोर्ड मधूनच सुटून पुन्हा जोडले जातात. पायात चप्पल घातली की काही होत नाही. एसएमपीएस बदलून दिला, तरी तेच.
— वाचक, हिंगोली

उत्तर : दुसरा एसएमपीएसही तेच करणार, कारण अर्थिंग नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याकडे आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याकडे. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा मधोमध लोंबकळतो, सुमारे ११५ व्होल्टवर, आणि तुमच्या अनवाणी पायातून वाट काढतो. त्याने सहसा जीव जात नाही, पण यूएसबीचे आणि आवाजाचे सगळे सिग्नल याच पत्र्याला शून्य मानून चालतात, म्हणून ही घूं आणि ही तुटातूट. दुसऱ्या एखाद्या उपकरणात खरा बिघाड झाला तर मात्र हाच पत्रा जिवावर बेतेल.

सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थला भलताच आकडा आला तर तिसरी तार बोर्डाच्या मागे जोडलेलीच नसते, किंवा अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचलेली नसते. मीटर कधी फसवतो, म्हणून वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा दिवा लावून घ्या. तो लख्ख पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) बसवलेला असेल तर या चाचणीत तो पडेल, पडायलाच हवा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थ देते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. डिसेंबरात बरोबर आलेलं माप मेमध्ये बिघडतं, आणि लोक संगणक उघडून बसतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा बादलीभर पाणी ओता. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून बरीच वर्षं झाली असतील तर नव्याने भरून घ्या. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे महाभाग भेटतात. ते करू देऊ नका. वाटेत न्यूट्रल तुटला की संपूर्ण कॅबिनेट २३० व्होल्टवर येतं.

प्रश्न : टेबलाला धक्का लागला की मशीन रिस्टार्ट होतं.
— वाचक, सेलू

उत्तर : पुढच्या पॅनेलवरच्या रिसेट बटणाची दोन तारांची पिन बोर्डावरून काढून ठेवा. थांबलं तर बटण आतल्या आत चिकटतंय. त्याच्याविना काही अडत नाही. नाही थांबलं तर बोर्ड बाहेर काढून खालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसतो ते खुंट) मोजा. बोर्डाला भोक नाही तिथे एखादा जास्तीचा राहिला असेल तर तो मागून शॉर्ट करतो.

प्रश्न : फेब्रुवारीत जोडलेलं मशीन एप्रिलपर्यंत झकास. आता दुपारी रेंडरला लावलं की प्रोसेसर ९५ अंशांवर, काम मंद, आणि कधी कधी डिस्कच नाहीशी होऊन निळा पडदा. प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स. खोलीत कूलर आहे.
— वाचक, नांदेड

उत्तर : खोली जितक्या अंशांनी तापते जवळजवळ तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. फेब्रुवारीत २४ अंशांच्या खोलीत ८२ असेल तर मेमध्ये ३८ च्या खोलीत तो ९५ ला टेकणारच. मात्र हा प्रोसेसर ९५ पर्यंत चालण्यासाठीच बनवलेला आहे. तिथे पोचल्यावर तो वेग कमी करतो, बंद पडत नाही. तेव्हा मंदपणाचं कारण प्रोसेसर असला तरी निळ्या पडद्याचा आरोपी दुसरा आहे, आणि ‘डिस्क नाहीशी होते’ या तुमच्या वाक्यात तो सापडतो. एनव्हीएमई डिस्कची (बोर्डावरच बसणाऱ्या पट्टीसारख्या डिस्कची) खोबण बहुतेक बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली असते. तिच्यावरची पत्र्याची पट्टी उघडा आणि मऊ पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक काढलं होतं का, ते पाहा. ते तसंच राहिलेलं असणं फार नेहमीचं आहे. तीच तपासणी प्रोसेसरच्या कूलरच्या बुडाची. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये रेंडर चालू असताना डिस्कच्या तापमानाचा आकडा ७०-८० च्या वर जात असेल तर निदान झालं.

यानंतर बायोसमध्ये ‘६५ वॅट’ नावाचा इको मोड चालू करा. प्रोसेसरची कमाल मर्यादा १४२ वॅटवरून ८८ वर येते, तापमान खूपच उतरतं आणि रेंडरचा वेळ त्या मानाने थोडाच वाढतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे आम्ही ‘पर्याय’ मानत नाही, मार्च ते जूनचं नेहमीचं सेटिंग मानतो.

खोलीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार उडाले की क्षार बोर्डावर बसतात. कूलरची मोटर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शनवरही नकोत; मोटर चालू-बंद होतानाचा झटका संगणकाला मिळतो. धुळीच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी काढून झटका, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगरू देऊ नका.

प्रश्न : २०२४ च्या सुरुवातीला घेतलेला आय९ १४९००के, खोकं न फोडता पडून होता; आता नव्या बोर्डावर बसवला. दोन महिन्यांनी गेम सुरू करताना ‘आऊट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश येतो. कार्डात १६ जीबी मेमरी आहे! ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकतानाही फाइल उघडताना चूक दाखवतो.
— वाचक, बीड

उत्तर : संदेश कार्डाचं नाव घेतो, दोष प्रोसेसरचा. गेम सुरू होताना आणि ड्रायव्हर उलगडताना दाबून ठेवलेल्या फाइली मोकळ्या कराव्या लागतात, आणि ते काम प्रोसेसर करतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, ६५ वॅट आणि त्यावरच्या, जादा व्होल्टेजमुळे आतला एक भाग झिजण्याचा दोष २०२४ मध्ये इंटेलने मान्य केला. ऑगस्ट २०२४ मध्ये शून्य-एक्स-१२९ आणि सप्टेंबरमध्ये शून्य-एक्स-१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) आले. तुमच्या बोर्डाचं बायोस त्याआधीचं असेल तर हे दोन महिने प्रोसेसर विनासंरक्षण चालला. एचडब्ल्यूइन्फोच्या पहिल्या खिडकीत मायक्रोकोडचा आकडा दिसतो.

बायोस अद्ययावत करा आणि ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. याने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. झीज झाली आहे का ते पाहायचं तर पी-कोअरचा (प्रोसेसरमधल्या वेगवान गणना-भागांचा) गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, ५३ वर आणा. चुका थांबल्या तर झालेली आहे. मग वेग कमी करून संसार रेटू नका. या पिढ्यांच्या खोकाबंद प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांची केली आहे. बिल, खोक्यावरचा आणि प्रोसेसरच्या पत्र्यावरचा क्रमांक, चुकांचे फोटो एवढं जवळ ठेवा. खोक्याविना, ट्रेमधला घेतला असेल तर दाद विकणाऱ्याकडे मागावी लागते.

प्रश्न : गेम तासन्‌तास चालतो, पण मशीन रिकामं ठेवलं की गोठतं किंवा रिस्टार्ट होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसतं. म्हणजे एसएमपीएस गेला ना? रायझन ५ ७६०० आहे, व्हिडिओ पाहून कर्व्ह ऑप्टिमायझर उणे ३० केलं आहे.
— वाचक, लातूर

उत्तर : शेवटच्या वाक्यात उत्तर तुम्हीच दिलंत. उणे ३० म्हणजे प्रत्येक वेगाला ठरलेल्यापेक्षा कमी व्होल्टेज. जोराच्या कामात सगळे कोअर मिळून वेग थोडा खालीच असतो, म्हणून निभतं. रिकामं असताना एखादा कोअर क्षणभर एकटाच सर्वोच्च वेगाला उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. शून्यावर आणा. हवंच असेल तर उणे १० पासून सुरू करा आणि कोअरसायकलर हा चाचणीचा प्रोग्राम एकेक कोअरवर रात्रभर चालवा. सगळे कोअर सारखे नसतात.

कर्नेल-पॉवर ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. बटण दाबून बंद केलंत तरी तीच नोंद होते. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शोधा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही: वीज किंवा पूर्ण गोठणं. आकडा असेल तर तो दशमान असतो, आणि निळ्या पडद्यांचे कोड षोडशमान. २९२ म्हणजे १२४ हा हार्डवेअरचा पडदा, २६ म्हणजे १ए हा मेमरीचा, २७८ म्हणजे ११६ हा ग्राफिक्सचा. ‘व्हीया-लॉगर १८’ ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद शेजारी असेल तर बोट सरळ प्रोसेसरकडे जातं.

व्होल्टेज मूळ ठेवूनही गोठत असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे ‘टिपिकल करंट आयडल’ करून पाहा.

प्रश्न : ग्राफिक्स कार्ड उभं दिसावं म्हणून रायझर केबल (कार्ड आणि बोर्डामधली जोडकेबल) लावली. पडदा मधेच काळा होतो, कार्डाचे पंखे सुसाट, पण गाणं चालूच राहतं.
— वाचक, धाराशिव

उत्तर : गाणं चालू आहे, म्हणजे विंडोज जिवंत आहे; तुटलं ते कार्डाशी नातं. केबल तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईची (बोर्ड आणि कार्डामधल्या जोडणीची) आणि कार्ड चौथ्या पिढीचं, ही जोडी असं वागते. बायोसमध्ये त्या खोबणीचा वेग ‘जेन ३’ करा. गेममधला फरक जाणवणारही नाही. तरी झालं तर रायझर काढून कार्ड थेट बोर्डात लावा, नवा १६ पिनी जोड असेल तर तो क्लिक होऊन पूर्ण आत गेलाय का पाहा, आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरच्या आत तार वाकवू नका. ड्रायव्हर पुसायची पाळी या सगळ्यानंतर.

प्रश्न : सगळे बायोस अपडेट करा म्हणतात. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. मधेच गेली तर?
— वाचक, उदगीर

उत्तर : बोर्डाच्या मागे ‘फ्लॅश बायोस’ किंवा ‘क्यू-फ्लॅश प्लस’ असं बटण असेल तर फार भिऊ नका. अर्धवट राहिलं तरी एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर-रॅम न लावताही, ते पुन्हा भरता येतं. फाइलीचं नाव बोर्डाच्या पुस्तिकेत दिलंय तसंच हवं. बटण नसेल तर पूर्ण चार्ज यूपीएसवर, ग्राफिक्स कार्ड काढून ठेवून करा; प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय असेल तरच हे जमेल. मशीन बायोसमध्ये असताना सत्तर-ऐंशी वॅटच खेचतं, त्यामुळे छोटा यूपीएसही पुरतो. लाइट नुकतीच परत आली असेल तर लगेच सुरू करू नका. परतल्यावर पहिली काही मिनिटं ती पुन्हा जाण्याची आणि व्होल्टेज हेलकावण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते; वीस मिनिटं जाऊ द्या.

अपडेटनंतर सगळी सेटिंग पुसली जातात, एक्सपोही बंद होतं. आणि विंडोज ११ वर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण ती पाहायला दुसरं यंत्र लागतं. म्हणून आधीच कागदावर उतरवून घ्या.